राखाडी डबा

मला राखाडी रंगाची शिसारी आहे. तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पेंट शॉप सांभाळलं, डोळे बांधून नुसत्या वासावर रंगाचा नंबर सांगायचो. एकदा तर रंगाचा डबा उघडायच्या आत सांगितलं होतं की आत माशी पडली आहे, आणि ती निघाली. त्या सबंध काळात राखाडी रंग मारायची वेळ आली की मी रजा टाकायचो. राखाडी हा रंग नव्हेच, ती रंगाची राख. आणि निवृत्तीनंतर हौस म्हणून जे घेतलं त्याचा शेवट कुठे झाला, तर राखाडीत.

हौस म्हणजे छोट्या आगगाड्या. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या. गच्चीवरच्या खोलीत मी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं नगर स्टेशन उभं केलं आहे आणि त्यात लष्करी छावणीकडे निघालेली मालगाडी. बारा बंद डबे, पातळ पत्र्याचे आणि पुठ्ठ्याचे, एकेका दरवाजाला चौदा खिळे. खिळे म्हणजे शिवणाच्या सुईची टोकं तोडून बसवलेली. ते बसवताना मी श्वास धरायचो. एकदा इतका वेळ धरला की बायकोने आरसा आणून नाकाखाली धरला. आणि रंग दिला लाल, विटकरी, गेरूच्या जवळचा. मालडबा म्हटला की लाल, यात शंका घ्यायचं काय कारण.

शंका घेतली गार्डचाचांनी. आम्ही सात जण आहोत असल्या वेडाचे, दर रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. त्यात चाचा वयाने सगळ्यात मोठे, उभी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून गेलेली. घरात उर्दू, पण मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि त्या स्वच्छ मराठीत ते माणसाला अगदी हळू कापतात. माझी गाडी त्यांनी डोळ्यांशी नेऊन पाहिली, खिळे मोजले, मान डोलावली. मग म्हणाले, "पेंटरसाहेब, काम देखणं आहे. रंग तेवढा चुकला. लढाईतले डबे राखाडी होते."

"कोण म्हणतं?"

"माझे वडील. याच यार्डात माल चढवायचे ते. अंगाला लागलेला रंग घरी घेऊन यायचे."

"वडिलांनी सांगितलं म्हणजे पुरावा होत नाही, चाचा."

"मग तुम्ही आणा पुरावा. तुमच्या वडिलांनी काय सांगितलं?"

बाकीचे पाच जण हसले. माझे वडील कापडाच्या दुकानात होते आणि आगगाडी लागली की त्यांना उलटी व्हायची. मी तापलो आणि सगळ्यांसमोर बोलून बसलो की डबे राखाडी निघाले तर बाराच्या बारा पुन्हा रंगवीन, आणि दिवाळीनंतर शाळेच्या सभागृहात आमचं प्रदर्शन भरतं तिथे गाडीपुढे पाटी लावीन, "चूक माझी होती." तोंड हे माझ्या शरीरातलं सगळ्यात महागडं इंद्रिय आहे.

मग सुरू झालं संशोधन. जुने फोटो शोधले तर सगळे काळेपांढरे. त्यात सगळेच डबे राखाडी, डबेच काय, इंजिन, आंबे, गोरा साहेब, सगळी सृष्टी राखाडी. इंटरनेटवर परदेशातले लोक एका नटबोल्टवरून एकमेकांची खानदानं काढत होते. त्यातल्या एकाला मी नम्रपणे आमच्या डब्यांचा रंग विचारला, त्याने मला माझं इंग्रजी सुधारून पाठवलं. रद्दीवाल्याकडून रेल्वेची जुनी कागदपत्रं म्हणून एक गठ्ठा घेतला. वरची चार पानं रेल्वेची, खाली सगळी कुठल्याशा पतसंस्थेची इतिवृत्तं, आणि मधोमध वाळून चपटी झालेली पाल. म्हातारे गाठले. एक म्हणाला डबे निळे होते. दुसरा म्हणाला रंगच नव्हता. तिसऱ्याने तीन तास युद्धाच्या आठवणी सांगितल्या, आणि उठताना कळलं की त्याचा जन्म युद्ध संपल्यावरचा.

शेवटी एका भंगारवाल्याने पत्ता दिला. घोडेगावला, जनावरांच्या बाजारापासून थोडं पुढे, एका शेतकऱ्याच्या वस्तीवर आख्खा मालडबा पडून आहे. चाकं नाहीत, नुसतं लोखंडी धूड. आजोबाने लिलावात घेतला होता, आता त्यात कडबा भरतात. फोन नंबर मिळाला आणि मी लावला. इथे मी काय केलं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं पाप त्या फोनचं आहे.

मला साधं बोलता येत नाही. मी म्हणालो, "नमस्कार, मी नगरहून बोलतोय. गुरुवारी आपल्या डब्याच्या पाहणीसाठी येत आहे."

पलीकडून शेतकरी म्हणाला, "पाहणी व्हय? कशापायी, साहेब?"

"ऐतिहासिक आहे तो. मुख्य म्हणजे रंग. त्यावर रंग आहे ना?"

"हाय की. पन लई उडालाय साहेब, जागोजागी."

"अरेरे," मी म्हणालो. म्हणजे मला वाटलं, आता कितीसा उरला असेल कोण जाणे. त्या अरेरेची किंमत मला गुरुवारी कळली.

घोडेगावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हाच नाक ताठ झालं. वाऱ्यावर ऑईल पेंटचा वास होता, ताजा, दोन दिवसांचा, स्वस्त कंपनीचा. मी स्वतःला समजावलं की कुणाच्या तरी ट्रॉलीला रंग देत असतील. वस्तीवर पोहोचलो. अंगण सारवलेलं, रांगोळी, प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर टॉवेल, समोर टेबलावर नारळ. आणि मागे डबा. टोमॅटोसारखा लाल. कडांना हिरवे पट्टे. दारावर पांढऱ्यात "शुभ लाभ". ऊन त्यावरून असं परावर्तित होत होतं की वरून जाणारे पक्षी डोळे मिटून घेत होते.

आपल्याकडे वरून कुणी बघायला येणार म्हटलं की माणूस पहिलं काम काय करतो, तर चुना आणि रंग काढतो. शाळा रंगते, झाडांचे बुंधे रंगतात, रस्त्याकडेचे दगडसुद्धा रंगतात. हे मला ठाऊक नव्हतं का? कारखान्यात तपासणीच्या आदल्या दिवशी मीच गंजलेल्या पाइपांवर चंदेरी रंग मारून घ्यायचो. तरी मी फोनवर पाहणी म्हणालो.

शेतकरी हात पुसत पुढे आला. पन्नाशीचा, कामाने वाळलेला, बोटांना लाल रंग. "या साहेब. दोन हात मारलेत. आतून बी मारलाय, चंदेरी. तुमी रंगाचं बोल्लात आन मला झोप न्हाई लागली."

मी हात पुढे केला, तो लाल झाला. आत डोकावलो. चंदेरी रंगाचा उग्र दर्प, त्याखाली उंदीर, त्याखाली ओला कडबा, आणि कोपऱ्यात अंड्यांवर बसलेली एक कोंबडी, तिच्याही पाठीवर चंदेरी पट्टा. मला भडभडून आलं. सबंध महायुद्धातून जे वाचलं, ते माझ्या एका फोनने मेलं होतं.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"छान," मी म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, पण इतकं कडू नाही.

त्याची आई चहा घेऊन आली. चहा लाल चवीचा लागत होता. तेवढ्यात माझं लक्ष गेलं की डब्याच्या मागच्या कोपऱ्यावर सुतळीने एक फ्लेक्स बांधला आहे, कुणा होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, गॉगलसकट. आणि शेतकरी मघापासून चालताना, बोलताना, त्या फ्लेक्सला पाठ लावूनच उभा राहत होता.

"त्याच्यामागे काय आहे?"

"काय न्हाई साहेब."

"आवं तिकडं नगा बघू," म्हातारी म्हणाली. "म्हशीनं वाट लावलीया त्या कोपऱ्याची. रंगच धरंना तिथं, तेलकट झालाय. म्हनून झाकलं."

आणि खरंच एक म्हैस आली. एवढी मोठी म्हैस मी पाहिली नाही, सूर्य दोन मिनिटं झाकला गेला. ती सरळ त्या फ्लेक्सकडे गेली आणि पुढाऱ्याच्या गालावर मान घासायला लागली. सुतळी तुटली, पुढारी शेणात पडला. शेतकऱ्याने मान खाली घातली.

मी खुर्चीवरून उठलो ते गुडघ्यांवरच आलो. या म्हशीने, तिच्या आईने, तिच्या आजीने, तीन पिढ्या रोज तोच कोपरा घासला होता. कुठल्याही प्रयोगशाळेत इतकं नाजूक काम झालं नसतं. थर एकाखाली एक उघडे पडले होते, नखावर मावतील असे. वरून हिरवा, मग निळा, मग पांढरट, मग लाल. विटकरी, गेरूच्या जवळचा लाल. माझा लाल. मला चाचांचा चेहरा डोळ्यांसमोर दिसला आणि मी मोठ्याने हसलो.

मग खिशातून भिंग काढलं, आणखी वाकलो, आणि लालच्या खाली, अगदी लोखंडाला चिकटलेला, दोऱ्याएवढा राखाडी होता.

मी थुंकी लावून पुसला. राखाडीच. कोन बदलून पाहिला. राखाडी. प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, असेल म्हणून वास घेतला. प्रायमरला ओळखायला मला कुणी शिकवू नये, तो प्रायमर नव्हता, पूर्ण रंग होता, चांगला, दोन हात मारलेला. लाल हा नंतरचा, शांततेच्या काळातला.

"लालच हाय ना खाली?" शेतकऱ्याने आशेने विचारलं. "मी म्हनलं, मूळ रंगच द्यावा."

मी ब्लेड काढलं आणि दोन पापुद्रे सोडवले. एक लालपर्यंतचा. दुसरा तळापर्यंतचा. दोन का काढले हे मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नाही. पहिला एका काडेपेटीत ठेवून डाव्या खिशात, दुसरा दुसऱ्या काडेपेटीत उजव्या खिशात. परतीच्या एसटीत दोन्ही खिसे जड लागत होते, आणि शेजारी बसलेला माणूस सारखा विचारत होता की एवढा लाल हात कशाने झाला.

रविवारी चाचा आले. त्या दिवशी बाकी कुणी नव्हतं, मीच बोलावलं नव्हतं. मी त्यांना डबा कुठे मिळाला ते सांगितलं, म्हैस सांगितली, तिची उंची जरा वाढवून सांगितली. मग डावी काडेपेटी उघडली.

त्यांनी पापुद्रा भिंगाखाली धरला. हिरवा, निळा, पांढरा, लाल. उलटला, मागूनही लाल. भिंग खाली ठेवलं. मी या क्षणासाठी चार महिने जगलो होतो.

"ठीक," ते म्हणाले. "रंगातलं तुम्हाला कळतं. वडिलांचा हात राखाडी असायचा एवढं मला आठवत होतं." भिंग रुमालात गुंडाळत होते. "लहान होतो मी. सिमेंटही असेल. सिमेंटची पोतीही उतरवायचे ते."

मी त्यांना चहा ओतला. तो सांडला. मला स्वतःची इतकी किळस आली की जिभेवर त्या चंदेरी रंगाची चव आली. हा माणूस वाद घालेल, टोमणा मारेल, निदान संशय तरी घेईल, याची मी तयारी केली होती. त्याने नुसता बाप मागे घेतला.

मी उजवी काडेपेटी टेबलावर ठेवली.

त्यांनी उघडली, पाहिलं, पुन्हा भिंग बाहेर काढलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "ही आधी का नाही काढलीत?"

"तुमचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं."

"बघितलंत?"

"बघितलं. नको होतं बघायला."

"हलकट आहात," चाचा म्हणाले, अगदी स्वच्छ मराठीत, आणि ती काडेपेटी शर्टाच्या खिशात घातली. ती त्यांनी परत दिली नाही आणि मीही मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात घोडेगावहून फोन. "साहेब, तेवढा कोपरा राहिल्ता न्हवं. घासून, प्रायमर मारून, केला बघा चकचकीत. म्हशीला बी दुसरीकडं बांधली. आता कवा बी या पाहनीला." मी धन्यवाद म्हणालो. दुसरं काय म्हणणार, माझ्यासाठीच केलं होतं त्याने.

बारा डबे मी राखाडी केले. नाकाला फडकं बांधून, रजा टाकायची सोय नसल्यामुळे. प्रदर्शनात गाडी मांडली, पुढे पाटी लावली. मी ती जराशी इंजिनाच्या आड सरकवली होती, चाचांनी बोटाने पुन्हा मधोमध आणली. लोक येत होते, इंजिनाचं कौतुक करत होते, खिळे तर कुणालाही दिसत नव्हते. एक बाई थांबल्या. "इंजिन किती सुंदर केलंय. डब्यांना रंग द्यायचा राहिला वाटतं."

माझ्या घशात जे आलं ते छापण्यासारखं नाही. पण मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीवरून चाचा उठले.

"नाही ताई, राहिलेला नाही," ते म्हणाले, आणि हात खिशातल्या काडेपेटीकडे गेला. "हाच रंग. माझे वडील हेच डबे भरायचे. या, दाखवतो."

दिवसभरात हा प्रश्न पन्नास जणांनी विचारला, आणि पन्नासही वेळा ते उठले.