पाचपैकी पाच

आमच्या वहिनीला कुणीही विचारा, "कशी आहेस?" उत्तर ठरलेलं: "मजेत!" डोंबलाची मजा! संधिवाताने बोटांचे सांधे कित्येक वर्षं सुजलेत. सकाळी तिची वेणी मी घालते, तिची नणंद. पण घरापुढच्या शिवणाच्या दुकानात बसली की तोंडभर हसणार. शिवणारीचे हात दुखतात हे गिऱ्हाइकाला कळलं, की कापड दुसरीकडे गेलंच म्हणून समजा.

दवाखान्यातून दर गुरुवारी समुपदेशक ताई यायच्या. मागच्या खोलीत दार लावून तासभर बसायच्या आणि वहिनी पोटभर रडून घ्यायची. एरवी दादासमोरही डोळ्यांतून टिपूस काढणार नाही. तो एक तास होता म्हणून बाकीचा आठवडा निघायचा.

मग दवाखान्याने टूम काढली. दुखणाईतांपैकी कोण किती ताण पेलतं ते मोजायचं, आणि ज्याला पेलवत नाही त्याच्याकडेच ताई जाणार. मोजायला एक नवीनच मुलगी आली. बसली कुठे? भर दुकानात! दोन गिऱ्हाइकं माप द्यायला उभी.

"संकट आलं तरी मी त्यातून वाट काढते. पाचपैकी किती?"

"पाच!" वहिनी ठणकावून म्हणाली.

"जे हातचं गेलं, त्याची भरपाई दुसऱ्या कशाने तरी करते?"

"पाच!"

मी मागून डोळे वटारतेय, पण बाईसाहेब ढिम्म. प्रत्येक प्रश्नाला पाच. वर एक गिऱ्हाईक म्हणालं, "वाघीण आहात हो!"

झालं! ताईंचं येणं बंद. मी दवाखान्यात जाऊन कडाकडा भांडले. "त्या खूप खंबीर आहेत," तिथले लोक म्हणाले, "आता मोजणी पुढच्या वर्षी." कसलं मेलं मोजणं ते!

गुरुवार आला. वहिनीने सवयीने मागच्या खोलीत ताईंची खुर्ची मांडली आणि तिच्याकडे बघत बसली. मला बघवेना. दार लावून मीच त्या खुर्चीत बसले.

"वहिनी, इथे कुणी गिऱ्हाईक नाही. खरं सांग, कशी आहेस?"

मला वाटलं, आता रडेल. पण मी पडले सासरची.

"मजेत," ती म्हणाली, आणि कात्री माझ्यापुढे धरली. "वन्सं, ही जरा उघडून द्या. बोटं वळत नाहीयेत."