दसऱ्याचं लिंबू

माझ्या हातांना चैन म्हणून नाही. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर लोखंड कातून घरी आले तरी हात काहीतरी उघडायला शोधतातच. आई म्हणते, "हिला पंखा नीट फिरताना बघवत न्हाय." खरंय ते. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, छर्‍याची बंदूक तरी मी कधी सुखानं राहू दिलीय?

आमच्या घरचा एक रिवाज आहे. दसऱ्याला सोनं वाटून झालं की आबा परड्याच्या टोकाला लिंबू टांगतात, मागं वाळूचं पोतं लावतात आणि एकच छर्रा मारतात. लागला तर लागला, नाहीतर पुढच्या दसऱ्याला. ही बंदूक म्हणजे नळी बिजागरीत दुमडून खाली ओढायची. आत स्प्रिंग दबते, चाप ओढला की ती पिस्टन पुढं ढकलते आणि हवेच्या दाबानं छर्रा सुटतो. स्प्रिंग जितकी कडक तितका जोर. गेल्या साली मी हौसेनं जाड तारेची स्प्रिंग घातली आणि लिंबाच्या चिंधड्या उडाल्या. "नाद खुळा!" म्हणत आबांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की विचारू नका.

हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, उजव्या हातातला जोर काही आला नाही. यंदा गणपती गेल्यावर त्यांनी बंदूक काढली. नळी अर्ध्यावर आली आणि अडकली. पुन्हा ओढली, पुन्हा तिथंच. मी म्हटलं, "आबा, मी ताणून देते की."

झालं! "दुसऱ्यानं चावलेला घास मी खात न्हाय," म्हणाले आणि आत जाऊन टीव्ही मोठ्यानं लावला. बघत नव्हतेच. मला माझ्या त्या जाड स्प्रिंगचा असा संताप आला!

"आवाज जरा बसवून आणते," अशी थाप मारून बंदूक मी वर्कशॉपला नेली. उघडून बघते तर आतल्या खाचेच्या कडा पात्यासारख्या. त्या पॉलिश पेपरनं घासून घासून गुळगुळीत केल्या. स्प्रिंगच्या आतला दांडा ढिला होता, म्हणून मारताना झण्ण वाजायची; लेथवर नायलॉनचा नवा दांडा घट्ट बसेल असा कातला. ग्रीस नुसतं पुसल्यासारखं लावलं. आणि पातळ तारेची मऊ स्प्रिंग घातली. कामं मध्ये मध्ये येत गेली, आणि जोडून होईपर्यंत खंडेनवमी उजाडली. नळी ओढली तर काय सांगू, लोण्यात सुरी जावी तशी खाली आली! तेवढ्यात आईचा फोन: "हत्यारं आण गं, पूजा खोळंबलीय!"

विळी, खुरपं, माझे पाने आणि मधोमध बंदूक पाटावर मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! जोर कमी म्हणजे छर्रा खाली येणार. नळीवरचं नेम धरायचं निशाण अजून जुन्या स्प्रिंगच्या हिशोबानंच. आणि पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही.

आबांना सांगावं? सांगितलं तर म्हणणार, "मऊ केलीस? म्हंजे मी म्हातारा झालो व्हय?" दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. पाणी प्यायले, वाळलेले कपडे घडी केले, चांगला चालणारा मिक्सर उगाच खोलून बसले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. "एका जागी बस की जरा," आबा खेकसले, "तुझ्यानं माझं डोकं फिरतंय."

दसऱ्याला सोनं वाटून झालं. आबांनी बंदूक घेतली, नळी धरली. ओढली, तर ती थेट खालीपर्यंत आली आणि कट्ट वाजलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की माझे डोळेच भरून आले. मग नेम धरला. नुसतं ठक झालं. लिंबाच्या खाली पोत्यातून वाळू सांडली. लिंबू हललंसुद्धा नाही.

"हात हालला," आबा पुटपुटले. "सपलं माझं."

मला ते ऐकवेना. "न्हाय आबा, हात न्हाय हालला! मी स्प्रिंग मऊ घातलीय. छर्रा खाली पडतोय."

त्यांनी बंदूक खाली घेतली. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "मग सांगायचं की आधी! वर धरला असता!"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून..."

"आता लई बरं वाटलं व्हय?"

मी म्हटलं, अजून एक मारा. "एक म्हंजे एक," म्हणाले. लिंबू सोडून सरबताला आईकडं दिलं आणि बंदूक मांडीवर घेऊन बसले. "उद्यापासनं पुठ्ठ्यावर मारतो. कुठं मारती ती, माझं मला कळू दे. तवर हिला हात लावलास तर बघ."

आता रोज संध्याकाळी परड्यात ठक, ठक चाललेलं असतं. बंदुकीच्या मागच्या निशाणाचा स्क्रू जरासा फिरवला तर छर्रा नेमका जागेवर बसेल. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशातच असतो. मी पायरीवर बसते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि आबा पुठ्ठ्याच्या वर नेम धरतात.