भिंतीकडे तोंड

माझी बायको सिंधू पोरांना भाषण शिकवायची ते भिंतीकडे तोंड करून. गावच्या युवा मंडळाचा रविवारचा वर्ग समाजमंदिरात तीच घ्यायची. नवं पोरगं आलं की त्याला भिंतीसमोर उभं करायची. "बोल. भिंत हासत नाई." पुढच्या रविवारी थोडं वळवायची, मग आणखी थोडं. असं वळत वळत पोरगं एक दिवस लोकांसमोर तोंड करून उभं असायचं.

मला हे खूळच वाटायचं. पण आत काय चालतं याची उत्सुकता भारी. दाराबाहेर दोरी वळत बसायचो, कान आत. एकदा विचारलंच, "काऊन वं, भिंतीसंग बोलून काय होते?"

"आपला आवाज आपल्याच कानाले ओयखीचा होते. मंग भेव नाई वाटत. या ना तुमीबी आत."

"माह्यं काय काम? मी का सरपंचकीले उभा राहून राह्यलो?"

वर्गात सगळ्यात बुजरी आमच्या शेतशेजाऱ्याची रुखसाना. नाव सांगतानाही ओढणी दातात धरायची.

गुलाबी बोंडअळी बीटी कापसावरही पडली, त्या वर्षी ग्रामसभेला शेतकी खात्याचे साहेब आले. बोंडं वरून हिरवीगार. साहेब म्हणाले, पीक तर चांगलं दिसतं. पंचनामा न करताच निघाले असते. आम्ही गडीमाणसं सगळी एकदम ओरडत होतो, त्यात एकाचंही धड ऐकू जाईना. तेवढ्यात रुखसाना उठली आणि सवयीनं सरळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"भिंतीले अळी लागली का बे?" कोणीतरी ओरडलं. सभा खो-खो हसली.

मागून सिंधू एवढंच म्हणाली, "फिर, बाई."

पोर फिरली. मुठीतलं बोंड पुढं धरलं. "साहेब, वरून नका पाहू. फोडा."

साहेबांनी फोडलं. आत अळी वळवळत होती. चहा तसाच ठेवून ते शेतात आले. पंचनामा झाला.

सिंधू औंदा गेली. शोकसभा त्याच समाजमंदिरात. मला म्हणाले, बोला. मी जन्मात कधी चार लोकांत बोललो नाही. पण तिच्याबद्दल मी नाही तर कोण बोलणार? उठलो आणि भिंतीकडे तोंड केलं. कोणी हसलं नाही.

"चहात साखर जास्त टाके," मी भिंतीला सांगितलं. "माह्यं एक आयके नाई. घर आता लई चूप झालं."

मागून रुखसाना हळूच म्हणाली, "बाबा, फिरा आता."

"थांब वं पोरी," म्हणालो. "पुढच्या रविवारी."