सवयीचे पाय

मोसमाला अजून अवकाश आहे, पण आमच्या पेठेला स्वस्थता नाही. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. पलीकडच्या तालमीने आम्हाला पुन्हा हरवलं, म्हणून यंदा आम्ही त्यांचा स्ट्रायकरच फोडून आणला.

काल सकाळी सरावात त्याने आमची जर्सी घालून पहिला गोल मारला आणि कट्ट्यावर बसलेले आम्ही सगळे एकदम गप्प झालो. शेजारच्या शंकरमामांनी तर सवयीने कचकचीत शिवी हासडली. तो हात वर करून आमच्याकडे बघत तसाच उभा.

"मामा, आता आपल्यातला हाय त्यो!" मी म्हणालो.

मामा ओशाळून टाळ्या वाजवू लागले. मग आम्हीही. "गोल झकास हाय रं," मामा पुटपुटले, "पण पोटात खड्डा पडला, त्याचं काय करू?"

तेव्हापासून मलाही चैन नाही. याच्या पायात चेंडू गेला की आम्ही ओरडत उभे राहायचो, तीच तर आमची ईर्षा होती. आता हाच त्यांना हरवेल, तेव्हा जिंकलं कोण म्हणायचं?

आज सराव संपला. त्याने आमच्या तालमीच्या उंबऱ्याला हात लावला, मोटरसायकल काढली आणि चौकात सरळ आपल्या जुन्या तालमीच्या रस्त्याला वळवली. थोडं पुढे जाऊन करकचून ब्रेक दाबला. कुणी पाहिलं का, म्हणून त्याने मागे बघितलं.

मी घाईघाईने खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागलो.