दोन पिकपचा गिटारवाला

दिराच्या लग्नात ऑर्केस्ट्रा आणायचा होता, म्हणून अकोल्याचा एक बेस गिटारवाला मंगरूळपीरला आमच्या ओसरीवर आला. दर वाक्याला तो मानेवरचे केस झटकायचा.

"काकाजी, दुसऱ्यायच्या गिटारले आवाज पकडाले एकच पिकप राह्यते. माह्याले दोन! पुढचा गोल वाजते, मागचा कडक." बटण फिरवून त्याने दोन्ही ऐकवले.

दाराआडून मला दिसले, की आवाजाच्या पेटीची वायर गिटारातून निघून खाली पडली होती. तारा नुसत्या टुकटुक करत होत्या.

"लय फरक हाये!" सासरे म्हणाले.

"मागचा जास्त गोड," आमच्या ह्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात त्याला वायर दिसली, मग मी दिसले. त्याने वायर पायाने हळूच सतरंजीखाली सारली.

"असे कान सगळ्यायले नसते, काकाजी."

सासऱ्यांनी फुलून तिथेच सुपारी दिली. मला कोणी विचारले नाही, आणि मी पदर तोंडाशी धरून हसू दाबले.