आत्याची नवी कवळी

देवळीहून सुधाकरदादाचा फोन आला, "मायचं सोनं झालं." कौसल्याआत्या गेली, एवढं सांगायला त्याला सोनं कशाला हवं होतं? शेवटी शेवटी ती पोटाला हात लावू देत नव्हती. तळमळून गेली. महिना उलटला, तरी त्या शब्दाचा माझा संताप उतरलेला नाही.

सत्त्याऐंशीची माझी आत्या स्वतःचं पाणी स्वतः तापवायची, सोयाबीनचा भाव विचारायची. उन्हाळ्यात तिनं हट्टानं नवी कवळी करून घेतली. आम्ही हसलो. "हासा लेकहो! हुरडा निघू द्या, मंग पाह्यजा."

पावसाळ्यात शौचातून रक्त जाऊ लागलं. मीच तिला नालवाडीला माझ्या घरी आणून तपासण्या करून घेतल्या. आतड्यात गाठ निघाली, पण पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून काढता येईल, पोट फार चिरावं लागणार नाही. धोका आहे, पण प्रकृती पाहता त्यांना झेपेल. दादा मात्र एकच धरून बसला, "या वयात कायले चिरफाड, डॉक्टरसाहेब?" तिच्यासमोर, तिच्या डोक्यावरून... जणू खुर्चीत गाठोडं ठेवलं होतं.

"काऊन रे," आत्या कडाडली, "गाठ माह्या पोटात, अन् बोलून तू राह्यला?" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "काढून टाका जी. मले हुरडा खायचा हाय."

डॉक्टर तारीख द्यायला तयार झाले. दादा म्हणाला, "घरी विचारून सांगतो." कोणाला विचारणार होता? जिला विचारायचं ती तर सांगून मोकळी झाली होती! तो तिला देवळीला घेऊन गेला. मी भांडले, तर नातेवाइकांनी मलाच गप्प बसवलं. आत्या फोनवर विचारायची, "तारीख आली का वं?" दादा तिला सांगायचा, डॉक्टर सुटीवर आहेत. दिवाळीनंतर आतडं बंद पडलं, आणि मग कोणाच्याच हातात काही उरलं नाही.

तेरवीला बुंदी वाढली. "भरपूर जगल्या," जो तो म्हणत होता. मी ताटावरून उठले.

घरचे कवळी राखेसोबत नदीत सोडायला निघाले होते, ती मी मागून घेतली. ओट्यावर स्टीलच्या वाटीत ठेवली आहे. रोज सकाळी पाणी बदलते, ती बदलायची तसं. परवा दादानं एसटीनं हुरडा पाठवला, त्यांच्याच शेतातला, कोवळा. पिशवी मी उघडली नाही, तशीच परत पाठवली. भरपूर जगलेल्या बाईचे दात वाटीत आहेत... अजून पुरते जुनेसुद्धा झालेले नाहीत.