शशीताईंचं 'नको'

मला शशीताईंचा अजूनही राग येतो. नकुलचा तर येतोच.

शशीताई बर्मिंगहॅमला आमच्या शेजारी राहायच्या. उभा जन्म शाळेच्या किचनमध्ये काढला आणि नवरा गेल्यावरही घर सोडलं नाही. त्यांच्याकडे जेवायला बसलं की 'नको'ला काडीची किंमत नसे. नको म्हटलं की पोळी, पुरे म्हटलं की तूप.

२००५च्या जुलैमध्ये भर दुपारी टॉर्नेडो आला आणि त्यांच्या गल्लीतली झाडं, कौलं, गाड्यांच्या काचा, सगळ्याची वाट लावून गेला. ताई जिन्याखालच्या कपाटात शिरल्या म्हणून वाचल्या. वर जाऊन बघतात तर बेडरूममधून आभाळ दिसतंय.

मदतीला फिरणाऱ्या एका तरुणाने विचारलं, राहायची सोय करू का? "नो नो, डोन्ट बॉदर," ताई म्हणाल्या आणि तो पुन्हा विचारेल म्हणून दारात थांबल्या. तो थँक्यू म्हणून पुढच्या घरी गेला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण नकुल! पोटचा मुलगा, इथेच वाढल्यामुळे मराठी मोडकंतोडकं, पण मेडनहेडला चांगलं ऐसपैस घर. फोनवर म्हणाला, "आई, मी येऊ?"

"नको रे, कशाला उगाच!"

"ओके, टेक केअर."

मी तोवर नॉटिंगहॅमला राहायला गेले होते. ताईंनी मला "जरा वारं सुटलं होतं" एवढंच कळवलं. शनिवारी सहज गेले, तर ताई ओल्या गादीशेजारी खुर्चीत, अंगात कोट, खोकतायत. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याकडे चला म्हटलं, तर "मुलगा असताना?" म्हणाल्या. तिथूनच नकुलला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

"पण काकू, ती नो म्हणाला!"

"जन्मभर तिच्या हातचं जेवलास ना? मग नको म्हणजे काय, ते कळत नाही तुला?"

संध्याकाळी आला. छप्पर बघून पांढराफटक पडला. तरी विचारतो काय, "आई, तू येते माझ्या घरी?"

ताईंनी सवयीने मान हलवली आणि खोकल्याची उबळ आली. हा शहाणा उत्तराची वाट बघत उभा! मी काही बोलणार, तेवढ्यात ताईच उसळल्या.

"विचारतोस काय, मेल्या? उचल ती बॅग आणि ने मला!"

उभ्या जन्मात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही पोटच्या पोराकडे ओरडून मागावी लागली.